नरकाची मुदत

धर्मराजाचीही पाळी

स्वर्गात पोचल्यावर युधिष्ठिराला आधी दिसला तो दुर्योधन, थाटात आसनावर बसलेला. माझे भाऊ आणि द्रौपदी कुठे आहेत, असं त्याने विचारलं, तेव्हा देवदूत त्याला काळोख्या, कुजक्या वासाच्या वाटेने घेऊन गेला. रक्तमांसाचा चिखल, उकळत्या पाण्याची नदी, तलवारीसारख्या पानांचं वन, आणि त्यात घरच्याच माणसांचे आवाज. युधिष्ठिर तिथेच थांबला. परत जाणार नाही म्हणाला. महाभारताच्या स्वर्गारोहण पर्वातला हा प्रसंग आहे.

इंद्राने नंतर खुलासा केला. अश्वत्थाम्याच्या नावाने द्रोणाचार्यांना फसवलं होतं, त्याची ही फेड, आणि तीही एका मुहूर्तापुरती. ज्याचं पाप फार आणि पुण्य थोडं, तो आधी स्वर्ग भोगून घेतो. ज्याचं पुण्य फार, तो आधी नरकाचं देणं चुकवतो. दुर्योधनाच्या थाटाचा उलगडा यातच आहे. इथे नरक ही फेडून संपणारी बाकी आहे. आपल्याकडच्या नरकाबद्दल बोलताना रौरव, कुंभीपाक ही नावं आपल्या तोंडी असतात, पण ही मुदतीची गोष्ट सहसा राहून जाते.

अठ्ठावीस नरक आणि त्यांची गिऱ्हाइकं

नरकांची सर्वांत रेखीव यादी भागवताच्या पाचव्या स्कंधाच्या शेवटच्या अध्यायात आहे. आधी एकवीस नावं येतात, मग आणखी सात. जागाही सांगितली आहे: दक्षिण दिशेला, पृथ्वीच्या खाली आणि पाण्याच्या वर. शिक्षा बहुतेक गुन्ह्याला शोभेल अशी. जिवंत पशुपक्षी शिजवणारा कुंभीपाकात तापल्या तेलात पडतो. ज्या जिवांना छळलं तेच रौरवात रुरू नावाचे भयंकर प्राणी होऊन उलटतात. साक्षीत, व्यवहारात किंवा दान देताना खोटं बोलणाऱ्याला अवीचीत शंभर योजनं उंच कड्यावरून डोकं खाली करून ढकलतात. खाली पाण्यासारखा दिसणारा दगड असतो. देहाचे तिळतिळ तुकडे होतात, पण मरण येत नाही, म्हणून पुन्हा वर नेतात आणि पुन्हा ढकलतात.

मला यातले घरगुती नरक जास्त बोलके वाटतात. कुणाला न देता एकटाच खाणारा कृमिभोजनात जातो. दारी आलेल्या पाहुण्याकडे डोळे वटारून बघणाऱ्याचे डोळे पर्यावर्तनात गिधाडं आणि कावळे उपटून काढतात. पैशावर यक्षासारखा पहारा देणारा, प्रत्येकावर संशय घेणारा श्रीमंत सूचीमुखात पडतो आणि यमदूत त्याचं अंग सुईदोऱ्याने शिवतात. ही यादी करणारा माणूस कुणाच्या तरी दारात बराच वेळ ताटकळला असावा.

त्याचा वर्गही यादीत लपत नाही. निरपराध्याला दंड करणारा राजा किंवा अधिकारी सूकरमुखात उसासारखा पिळला जातो, हे वाचून बरं वाटतं. पण ब्राह्मणाला शारीरिक शिक्षा करणारा राजाही त्याच ओळीत बसवलेला आहे.

पोथीतली वाट

घरात मृत्यू झाला की सुतकाच्या दिवसांत अनेकजण गरुडपुराण वाचून घेतात. या पुराणाचा भर नरकाइतकाच तिथवरच्या वाटेवर आहे. मनुष्यलोक आणि यमलोक यांत ८६,००० योजनांचं अंतर, वाटेत सोळा नगरं, आणि रक्तपुवाने भरलेली शंभर योजनं रुंद वैतरणी. प्रवासाला सुमारे वर्ष लागतं आणि वाटेतल्या नगरांत प्रेताला घरच्यांनी दिलेल्या पिंडांवर गुजराण करावी लागते. मासिक श्राद्धं आणि वर्षश्राद्ध या वेळापत्रकाला बांधलेली आहेत. वैतरणी ओलांडण्यासाठी गोदान.

म्हणजे नकाशातल्या प्रत्येक टप्प्यासमोर एक दान लिहिलेलं आहे. दुःखात बसलेल्या घराला यातून काहीतरी करत राहण्याचा आधार मिळतो, हे खरं. दक्षिणेचा रस्ताही इथूनच जातो, हेही तितकंच खरं. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली ‘ब्राह्मणांचे कसब’ लिहिलं ते धर्मविधींच्या नावाने चालणाऱ्या याच प्रकारच्या लुबाडणुकीवर.

तेहतीस सागरोपम

मुदतीचा खरा हिशेब मांडला तो जैनांनी. त्यांच्याकडे एकाखाली एक सात नरकभूमी. पहिलीतलं कमीत कमी आयुष्य दहा हजार वर्षं, सातवीतलं जास्तीत जास्त तेहतीस सागरोपम. सागरोपम म्हणजे वर्षांत सांगताच येणार नाही इतका काळ. तरीही तो संपतो. मगधाचा राजा श्रेणिक हा महावीरांचा भक्त, पण आधीच्या कर्माने नरकाचं आयुष्य बांधून बसलेला. जैन परंपरेप्रमाणे तो आज पहिल्या नरकात आहे, आणि तिथून सुटल्यावर येत्या कालचक्रात पहिला तीर्थंकर होणार आहे.

जिथे सुटका नाही

आपल्याकडे कायमचा नरक कुणी मानलाच नाही, असं मात्र नाही. तेराव्या शतकात उडुपीच्या मध्वाचार्यांनी जिवांचे तीन वर्ग केले: मुक्तीला योग्य, कायम संसारात फिरणारे, आणि तमोयोग्य. तिसऱ्या वर्गाला अंधतमस या नरकातून कधीच सुटका नाही. इतर वेदान्त्यांना हे पटलं नाही.

ख्रिस्ती जगात हाच वाद उलट्या दिशेने झाला. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने, शेवटी सगळेच जीव देवाकडे परततील, असा विचार मांडला. पाचव्या शतकात ऑगस्टीनने आपल्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथाचा एकविसावा भाग नरकाला दिला आणि शिक्षा अनंत असते, असं ठासून सांगितलं. इ.स. ५५३मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने ओरिजेनला पाखंडी ठरवलं. अनंताच्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद असा, की अनंत देवाचा अपराध केला तर शिक्षाही अनंतच हवी. मला तो पटत नाही. सत्तर-ऐंशी वर्षांच्या आयुष्यात केलेल्या पापाला शेवट असतो. कॅथलिक धर्मशास्त्रालाही मधली सोय करावी लागली. शुद्धिस्थान ही मुदतीचीच जागा आहे, आणि २ नोव्हेंबरला गोव्यात कबरींवर मेणबत्त्या लागतात, प्रार्थना होतात, त्या शुद्धिस्थानातल्या आत्म्यांसाठी.

गोव्यातच १६१६ साली रायतूरहून फादर स्टीफन्सचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं. मुदतीचा नरक ऐकत वाढलेल्या श्रोत्यांना न संपणारी शिक्षा ओवीतून सांगायची होती. सोपं काम नव्हे.

पाचव्यानंतर सहावा

इतकं घाबरवायचं कशाला, हा प्रश्न भागवत ऐकणाऱ्या परीक्षित राजालाही पडला. अठ्ठावीस नरक ऐकून त्याने शुकाचार्यांना लगेच विचारलं, की माणसाने यातून वाचावं कसं? या प्रश्नानेच सहावा स्कंध सुरू होतो. आधी प्रायश्चित्ताची चर्चा आणि मग अजामिळ: घरदार सोडलेला, चोरी-जुगारावर जगणारा, मरताना पोराला ‘नारायणा’ अशी हाक मारणारा. त्याला न्यायला आलेल्या यमदूतांना विष्णुदूतांनी अडवलं. कीर्तनकारांनी ही कथा मराठी मुलखात गावोगाव नेली. यमाचे दूत हात हलवत परत जातात, ही तिची खरी गंमत.

तेव्हा घरात पोथी लागली आणि पोरंबाळं ऐकायला बसली असतील, तर वाचणाऱ्याने कुंभीपाकावर थांबू नये. अजामिळाची कथा त्याच बैठकीत सांगावी. भागवतातही दोन्हींच्या मध्ये परीक्षिताचा प्रश्न आणि प्रायश्चित्ताची चर्चा एवढंच आहे.