दुचाकीवरील संवाद : हेडसेटची निवड कशी करावी?

आषाढातला पाऊस, आंबोलीचा घाट आणि मोटारसायकलवर पुढे मुलगा व मागे त्याचे वडील, हे दृश्य कोकणच्या वाटेवर नेहमीचेच आहे. मागून वेगाने येणारी मालमोटार वडिलांना दिसते आणि ते "बाजूला घे" म्हणून ओरडतात. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट असते आणि कानांत वाऱ्याचा घोंघाट भरलेला असतो. मुलाला शब्द कळत नाहीत. तो मान वळवून "काय?" असे विचारतो. ताशी ४० किलोमीटर इतक्या बेताच्या वेगानेही वाहन सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. मान दोन सेकंद वळली, तर २२ मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो.

ही अडचण दूर करण्यासाठी हेल्मेटमध्ये बसविण्याचे हेडसेट आता बाजारात सहज मिळतात. दोन लहान स्पीकर, एक मायक्रोफोन, एक बॅटरी आणि बिनतारी संदेशवहन करणारा छोटा संच, एवढीच त्यांची मुख्य रचना असते. मात्र जाहिरातींत संगीत, दूरध्वनी आणि पल्ल्याचे आकडे ठळकपणे छापलेले असतात. मागे बसलेल्या माणसाचा आवाज पुढच्याला स्पष्ट व वेळेवर ऐकू येतो काय, हा खरा प्रश्न त्या गर्दीत हरवून जातो. निवड करताना हाच प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

संवाद कोणाशी?

मागे बसलेल्या व्यक्तीशी बोलणे आणि दूरध्वनीवर बोलणे या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसतात. परंतु त्यांत मोठा फरक आहे. अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोटारचालकांची कृत्रिम रस्त्यावर चाचणी घेतली होती. दूरध्वनीवर बोलणाऱ्या चालकांकडून अधिक चुका झाल्या. शेजारी बसलेल्या व्यक्तीशी बोलणाऱ्यांची स्थिती त्या मानाने बरी आढळली, कारण शेजारचा माणूस तोच रस्ता पाहत असतो. अवघड प्रसंग आला की तो बोलणे आवरतो किंवा सावध करतो. दूरच्या माणसाला ते वळण दिसत नाही. हा अभ्यास मोटारींचा असला, तरी त्याचा बोध दुचाकीस्वारानेही घ्यावा असा आहे.

म्हणून संचातील अग्रक्रम पाहणे अगत्याचे ठरते. अनेक संचांत दूरध्वनी आला की दोघांतील संभाषण आपोआप खंडित होते. हा क्रम बदलता येतो काय आणि दूरध्वनी आपोआप उचलण्याची सोय बंद ठेवता येते काय, हे विक्रेत्याला विचारावे. तसेच काही संच बोलणाऱ्याचा आवाज ऐकल्यावरच संभाषणाचा मार्ग उघडतात. अशा वेळी पहिले अक्षर गळण्याचा संभव असतो. "थांब" या एका शब्दातले पहिले अक्षर गळाले, तर उरलेल्या आवाजाला अर्थ राहत नाही. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी व सतत बोलता येईल असा संच या दृष्टीने श्रेयस्कर होय.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. वाहन चालविताना हाती धरलेल्या संदेशवहन साधनाचा वापर तेव्हापासून धोकादायक वाहन चालविण्यात गणला गेला. हेडसेटमुळे हात मोकळे राहतात हे खरे. पण मन मोकळे राहील अशी हमी कोणतेही यंत्र देत नाही. दूरध्वनी घ्यावयाचाच असेल, तर वाहन रस्त्याच्या कडेला थांबवूनच घ्यावा.

आधी हेल्मेट, मग हेडसेट

हेल्मेट चालकाइतकेच मागे बसणाऱ्यालाही आवश्यक आहे. १ जून २०२१ पासून भारतीय मानक संस्थेचे चिन्ह असलेलीच दुचाकी हेल्मेटे बनविणे व विकणे बंधनकारक झाले. हेडसेट बसविण्यासाठी अशा हेल्मेटला भोके पाडणे किंवा आतील जाड फोम कापणे म्हणजे त्याचे संरक्षण आपल्या हाताने कमी करणे होय. आघात शोषून घेण्याचे काम तोच फोम करतो. म्हणून चिमट्याने किंवा चिकटपट्टीने बसणारा संच घ्यावा. कानाशी स्पीकरसाठी खोलगट जागा असलेले हेल्मेट असल्यास उत्तम. स्पीकर कानावर दाबला गेला, तर तासाभरात कान दुखू लागतो. तो एक-दोन सेंटिमीटर सरकला, तरी आवाज बराच क्षीण होतो.

मायक्रोफोनही हेल्मेट पाहून निवडावा. हनुवटी झाकणाऱ्या हेल्मेटात तारेचा लहान मायक्रोफोन आतून चिकटवितात. तोंड उघडे राहणाऱ्या हेल्मेटास दांडीचा मायक्रोफोन लागतो. तो ओठांजवळ असावा आणि त्यावर फोमची टोपी असावी. एरवी मागच्या माणसाला शब्दांऐवजी वाराच ऐकू येतो. उजवा हात वेगाच्या मुठीवर असतो, म्हणून कळी डाव्या बाजूस असाव्यात आणि हातमोजा घालूनही, न पाहता, ओळखता याव्यात.

कानांची काळजी

हमरस्त्याच्या वेगात हेल्मेटमधील वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. कामाच्या ठिकाणच्या गोंगाटाबाबत अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थेची शिफारस अशी, की ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तासांपेक्षा अधिक ऐकू नये आणि पुढे दर ३ डेसिबलला हा अवधी निम्मा करावा. या हिशेबाने ९४ डेसिबल आवाज केवळ एक तास सहन करण्याजोगा ठरतो. वाऱ्यावर मात करण्यासाठी स्पीकरचा आवाज वाढवीत नेला, तर कानांवर दुहेरी भार पडतो आणि भोंगा किंवा रुग्णवाहिकेची घंटाही ऐकू येईनाशी होते. म्हणून नीट घट्ट बसणारे हेल्मेट, स्पीकरची अचूक जागा आणि वाऱ्याचा आवाज गाळणारा मायक्रोफोन यांवर खर्च करावा. मोठ्या आवाजाचा स्पीकर हा त्यावरील उपाय नव्हे.

ब्लूटूथ की मेश?

एका वाहनावरील दोघांमध्ये जेमतेम एका मीटरचे अंतर असते. त्यांच्यासाठी साधे ब्लूटूथ पुरेसे असते; मात्र दोघांसाठी दोन संच लागतात आणि ते जोडीनेच घेणे सोयीचे पडते. अनेक वाहने मिळून सहलीला निघत असतील, तर मेश पद्धत उपयोगी पडते. ब्लूटूथची जोडणी साखळीसारखी असते. मधली एक कडी दूर गेली की पुढचा संवाद तुटतो. मेशमध्ये प्रत्येक संच इतरांचे संदेश पुढे पोचवितो आणि एखादा मागे पडला, तरी इतरांचे बोलणे चालू राहते. मात्र भिन्न कंपन्यांचे मेश संच बहुधा एकमेकांशी जुळत नाहीत. तेव्हा गटाने आधीच विचारविनिमय करावा. खोक्यावरील किलोमीटरचा पल्ला मोकळ्या माळावरचा असतो. घाटातील कडा मध्ये आला की तो बराच घटतो.

पाऊस, धूळ आणि बॅटरी

कोकणच्या पावसात जलरोधकतेला महत्त्व आहे. संचावर 'आयपी ६७' असे लिहिलेले असल्यास पहिला अंक धुळीपासून पूर्ण संरक्षण दर्शवितो आणि दुसरा अंक एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी दर्शवितो. चार्जिंगच्या छिद्रावरील रबरी झाकण मात्र नीट बसविलेले असले पाहिजे. बॅटरी प्रवासाच्या एकूण वेळेपेक्षा दोन-तीन तास अधिक चालणारी असावी. हेल्मेट उन्हात ठेवल्यास बॅटरी लवकर खराब होते, हेही ध्यानात ठेवावे.

खरेदीपूर्वीची परीक्षा

शक्य असल्यास दोघांनीही दुकानात जावे, आपापली हेल्मेटे घालावीत आणि शांत रस्त्यावर एक फेरी मारून यावे. मागे बसणाऱ्याने नेहमीच्या आवाजात "सावकाश", "डावीकडे", "थांब" असे शब्द उच्चारावेत. पुढच्याने मान न वळविता ते ओळखले, तर संच कामाचा समजावा. घाटात मागे बसलेल्या वडिलांना ओरडावे लागू नये आणि मुलाची नजर रस्त्यावरून हलू नये, एवढे ज्या साधनाने साधते, तेच घेण्याजोगे.