बुवा, अजून एक गजर!

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पत्ता विचारा, लोक अजूनही रोड नंबर सांगतात: सोळा नंबर, बावीस नंबर. 1962 साली एमआयडीसीची स्थापना झाली आणि तिच्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी ही एक. पुढे कित्येक शेड पाडून तिथे आयटी कंपन्या आल्या. पण किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगरात कोकणातून आलेली कामगारांची कुटुंबं राहिली आणि त्यांच्यासोबत डबलबारी भजनही राहिलं.

डबलबारी म्हणजे दोन बुवांचा सामना. दोघांचाही संच तयारीचा: पेटीवर स्वतः बुवा, साथीला पखवाज, तबला, झांज आणि मागे कोरस. स्तवन, रूपाचा अभंग, गौळण असं करत बारी चढत जाते. मधेच पहिले बुवा पुराणातला एखादा प्रश्न टाकतात, जाता जाता चिमटाही काढतात. दुसऱ्या बुवांनी त्याची परतफेड आपल्या बारीत करायची. पण मंडप उठतो तो गजराला. देवाचं नाव एवढंच शब्दांचं भांडवल. चाल मात्र कधी रागदारीची, कधी चक्क सिनेमाच्या गाण्याची. बुवा ओळ टाकतात, कोरस उचलतो, लय दुगुनीत जाते आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, ‘बुवा, अजून एक!’

एकाने सांगायचं आणि सगळ्यांनी उचलायचं ही रीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्येही आहे. तिथल्या गॉस्पेल गाण्यातूनच सोल संगीत निघालं. गायक रे चार्ल्सने 1954 मध्ये चर्चची धाटणी घेऊन प्रेमगीत गायलं, तेव्हा भाविक चिडले. आपल्याकडे सिनेमाच्या चालीवर गजर लागला की जुनी मंडळी नाक मुरडतात, तसंच.

साम्य इथे संपत नाही. सोलची मोठी पेठही कारखान्यांच्या गावातच होती: डेट्रॉइट, मोटारींचं शहर. मोटाऊन ही रेकॉर्ड कंपनी काढणारा बेरी गॉर्डी आधी फोर्डच्या कारखान्यात कामाला होता. 1959 मध्ये घरच्यांकडून 800 डॉलर उसने घेऊन त्याने धंदा मांडला. याच शहरातल्या ‘फोर टॉप्स’ या चौकडीने 1953 ते 1997 अशी 44 वर्षं एकही गडी न बदलता गायन केलं. लॉरेन्स पेटन वारला तेव्हाच ती चौकडी फुटली.

इतकी वर्षं एकत्र गायलेला संच जवळून बघावा लागतो. गडकरी रंगायतनसारख्या नाट्यगृहाच्या बाल्कनीतून ते दिसायचं नाही. देवळाचा मंडप हवा, नाहीतर दोन इमारतींमधली गल्ली. अशाच एका मंडपात मी सत्तरी ओलांडलेल्या एका बुवांची बारी ऐकली. त्यांची पट्टी आता खाली आली होती. वरच्या षड्जाची जागा आली की ते स्वतः ओळ सोडून देत आणि नुसती मान उचलत. त्या क्षणी झांजवाला ती ओळ अलगद वर नेऊन ठेवी. पखवाजवाल्याचं लक्ष स्वतःच्या हातांकडे नव्हतंच. बुवांचा भात्यावरचा हात मंदावला की थाप आपोआप आवरत होती. मध्यंतरात त्याने पखवाजाच्या धुमेवरची सुकलेली कणीक खरवडून काढली, पाण्याचा हात लावून नवी थापली, दोनदा ठोकून बघितली आणि मगच चहा घेतला. हे सगळे एके काळी कारखान्यात कामाला होते. कोणाची पहिली पाळी, कोणाची रात्रपाळी. सगळ्यांची सुट्टी जुळेल तेव्हा तालीम. एकमेकांचा अंदाज त्यातूनच बसला.

परशुराम पांचाळ, चंद्रकांत कदम, विलास पाटील या बुवांची नावं कॅसेटच्या काळात चाकरमान्यांच्या घरोघर पोहोचली. आता मोबाइलवर बाऱ्या ढिगाने सापडतात. पण कॅमेरा बुवांवर रोखलेला असतो. झांजवाल्याने त्यांना कसं सांभाळून घेतलं, ते चौकटीबाहेरच राहतं.

दुसरी अडचण वेळेची. पूर्वी बारी रात्र-रात्र चाले. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आली. सणांच्या ठरावीक दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं, तेवढीच. नियम योग्यच आहे, शेजारी म्हातारी माणसं आणि परीक्षेची मुलं असतात. मात्र सत्कार-भाषणांत नऊ वाजवून मग बुवांना बसवलं, तर दुसऱ्या बारीचा गजर घाईतच उरकावा लागतो.

म्हणून मंडळांना एक सांगणं. बारी साडेसहाला लावा, सत्कार मधल्या चहाच्या वेळेत उरका आणि जाहिरातीच्या फलकावर बुवांच्या नावाखाली पखवाज, तबला, झांज वाजवणाऱ्यांचीही नावं छापा. आणि तुम्ही वाचक, माघी गणपतीत ठाण्यात कुठे डबलबारीचा फलक दिसला, तर वेळेआधी जाऊन पुढची खुर्ची धरा. हे जुने संच अजून गात आहेत, तोवर ऐकून घ्या.