ढग, बर्फ की घटलेला वेग?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एव्हलेथ विमानतळावर उतरण्याच्या बेतात असलेले छोटे ‘किंग एअर’ विमान २५ ऑक्टोबर २००२ रोजी कोसळले आणि सिनेटर पॉल वेलस्टोन यांच्यासह आठही जण दगावले. पहिला संशय खाली उतरलेल्या ढगांवर आणि पंखांवर साचणाऱ्या बर्फावर गेला. त्या हवेत तो वाजवीही होता. पण चौकशी मंडळाने रडारच्या नोंदींवरून वेगाचा हिशेब मांडला, तेव्हा पंखांना पुरेशी उचल मिळेनाशी होण्याइतका तो घसरलेला दिसला. उतरताना वेग कमी करावाच लागतो, हे खरे. मात्र त्याला खालची मर्यादा असते. ढगांनी धावपट्टी झाकली असेल, वेगदर्शक तर समोरच होता, आणि कॉकपिटमध्ये वैमानिकही दोन होते.