पटलापलीकडचे पाणी

कोल्हापूर-बेळगावमार्गे महामार्गाने बेंगळुरूत प्रवेश करणाऱ्यास शहराचे पहिले दर्शन घडते ते पीण्या औद्योगिक क्षेत्राचे. लघुउद्योगांच्या या विस्तीर्ण वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग घडविणाऱ्या कारखान्यांच्या शेजारीच त्या भागांना क्रोमियम, निकेल वा जस्ताचा मुलामा देणारे छोटे कारखाने आहेत. पाण्याचा खरा प्रश्न त्यांच्याच दारात उभा आहे.

मुलाम्याच्या हौदातून काढलेला भाग धुवावा लागतो आणि त्याला चिकटलेले द्रावण धुवणाच्या पाण्यात उतरते. असे सांडपाणी जमिनीत मुरल्याने पीण्याच्या भूजलात षट्संयुजी क्रोमियम आढळले आहे. हे रूप कर्करोगास कारणीभूत ठरणारे आहे. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. दुसरीकडे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, सुमारे ५०० मीटर उंच चढवून शहरात येते आणि २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातील असंख्य कूपनलिका कोरड्या पडल्या. तेव्हा वापरलेलेच पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे, ही आता हौस राहिलेली नाही.

येथे पटल, म्हणजे कारखान्यातील बोलीत मेम्ब्रेन, उपयोगी पडते. सूक्ष्मगाळणाचे पटल मायक्रॉनच्या दहाव्या भागापर्यंतचे कण अडविते. अतिगाळणाचे पटल त्याहून बारीक असून तेलाचे थेंब व विषाणूही रोखते. मात्र विरघळलेले क्रोमियम या दोहोंतून सहज पार होते. गढूळ पाणी नितळ दिसू लागले म्हणजे ते शुद्ध झाले, हा समज म्हणूनच घातक आहे. नॅनोगाळण कॅल्शियमसारखे द्विसंयुजी क्षार बऱ्याच अंशी थोपविते, तर व्यस्त परासरण, म्हणजेच घरोघरी परिचित असलेले आर. ओ., मिठासारखे क्षारही मागे ठेवते. त्याचे व्यवहार्य पटल १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब व भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी सिद्ध केले.

परंतु क्रोमियमचे पाणी थेट आर. ओ. मध्ये सोडणे म्हणजे महागडे पटल स्वहस्ते जाळणे होय, कारण षट्संयुजी क्रोमियम पॉलिअमाइडच्या पटलास हानी पोहोचविते. प्रथम आम्लधर्मी पाण्यात सोडियम बायसल्फाइट मिसळून त्याचे त्रिसंयुजी रूप करावे लागते. नंतर चुना घातला की ते गाळ होऊन खाली बसते. उरलेले बारीक कण अतिगाळणाने काढावेत आणि मगच आर. ओ. कडे वळावे. निकेलची गोष्ट अधिक सुखाची आहे. त्याच्या धुवणातून आर. ओ. ने वेगळे केलेले दाट द्रावण, योग्य शुद्धीनंतर, पुन्हा हौदात घालता येते. पाणीही वाचते आणि महाग धातूही.

पटल दूषित द्रव्य वेगळे करते, नष्ट करीत नाही. मागे उरणारे खारे पाणी बाष्पकात आटवावे लागते आणि क्रोमियमचा गाळ अधिकृत घातक-कचरा केंद्राकडे पाठवावा लागतो. म्हणून कर्जप्रस्तावासोबतचा प्रकल्प अहवाल वाचताना यंत्रसंचाच्या किमतीपाशी न थांबता वीज, रसायने, काही वर्षांनी बदलावी लागणारी पटले आणि या गाळाची वाट लावण्याचा खर्च यांवरही दृष्टी टाकावी. एकट्याला हा भार पेलत नसल्यास शेजारच्या कारखानदारांनी मिळून सामायिक केंद्र उभारता येते. मात्र तेथेही क्रोमियमचे व निकेलचे पाणी स्वतंत्र नळांनीच न्यावे लागेल. दोन्ही एकदा मिसळली, की निकेल हौदात परतण्याची आशा संपते.