तबकडीचे श्रेय, माणसाचे कष्ट

अमेरिकी लष्कराने म्हणे परग्रहवासीयांची उडती तबकडी दडवून ठेवली आणि तिच्यावरून विमाने घडवली! ही कथा ऐकायला मलाही आवडते. विश्वास मात्र बसत नाही.

रडारला चकवणारे एफ-११७ हे विमानच घ्या. १९८१ मध्ये ते प्रथम उडाले, पण १९८८ पर्यंत अमेरिकेने ते गुप्त ठेवले. त्याचा काळा, कोनाकोनांचा आकार पाहून हे पृथ्वीवरचे नव्हेच, असे कुणालाही वाटावे. प्रत्यक्षात त्यामागचे गणित प्योत्र उफिमत्सेव या रशियन शास्त्रज्ञाचे. १९६२ मध्ये ते मॉस्कोत चक्क पुस्तकरूपाने छापले गेले होते. लॉकहीड कंपनीच्या अभियंत्यांनी त्याचा अनुवाद वाचला आणि रडारलहरी भलतीकडेच वळतील असे सपाट पृष्ठभाग जुळवले. १९९९ मध्ये सर्बियात हेच विमान जुन्या सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडलेही!

२०२४ च्या पेंटॅगॉनच्या अहवालातही परग्रहावरील यंत्राचा पुरावा आढळला नाही. लष्कर गुपिते राखते, म्हणून त्याच्या शब्दावर मी विसंबत नाही. पण गुपित आहे म्हणजे तबकडीच आहे, असे कसे म्हणावे? कुणी न पाहिलेल्या पाहुण्याला श्रेय देताना उफिमत्सेवसारख्यांचे नाव पुसले जाते, याची मला खंत वाटते.