नेम पाळणाऱ्यांचा नेम

माझी भाची सातवीत आहे. नेमबाजी शिकायचीच, असा हट्ट धरून तिनं मला कोल्हापुरातल्या एका शूटिंग रेंजवर नेलं. टेबलावर एअर रायफल ठेवलेली होती. तिनं हात पुढं केला, तोच प्रशिक्षक म्हणाले, "बाळ, हात मागं. सांगितल्याशिवाय बोटसुद्धा लावायचं नाही." आवाज चढला नव्हता, पण तिचा हात झटकन मागं आला. पुढचा तासभर ती रेषेमागच्या बाकावर बसून नुसती बघत होती. घरी येताना हिरमुसून म्हणाली, "मामा, एकपण गोळी मारली नाही. मग गेलो कशाला?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आता देतो.

मराठीत 'नेम' या शब्दाला दोन अर्थ आहेत. डोळ्यासमोरचं लक्ष्य साधणं हा एक. दुसरा वारकऱ्याचा: वारी असो की एकादशी, न चुकता पाळायची गोष्ट. 'नेम चुकला' हे वाक्य दोन्हीकडं सारखंच लागू पडतं. रेंजवर जे शिकवतात, ते या दोन अर्थांमधलं नातं. पाळायचा नेम अंगी मुरला, की धरायचा नेम साधतो.

रेंजचे नियम मोजके आहेत, पण प्रत्येकामागं माणसाच्या स्वभावाची पक्की ओळख आहे. पहिला नियम: बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, ती रिकामी असल्याचं आत्ताच तपासलं असलं तरी. कारण 'मला वाटलं रिकामी आहे' हे वाक्य नेहमी अपघातानंतरच ऐकू येतं. दुसरा: नळी कायम लक्ष्याच्या दिशेला. पाठीमागून हाक आली की माणूस वळतो आणि हातातली वस्तूही त्याच्यासोबत वळते. म्हणून आधी रायफल खाली ठेवायची, मग वळायचं. तिसरा: नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. दचकल्यावर मूठ आपोआप आवळते, तेव्हा बोट कुठं आहे यावर सगळं ठरतं.

चौथी गोष्ट म्हणजे सेफ्टी फ्लॅग, नळीत घालायची भडक रंगाची दोरी. एअर रायफलमध्ये ती नळीच्या पूर्ण लांबीची लागते. दुसऱ्या टोकातून ती बाहेर डोकावताना दिसली, की नळीत छर्रा नाही हे लांबूनही कळतं. कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची वेळच येत नाही.

याशिवाय रेंज ऑफिसरचे हुकूम. लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड: जगातल्या कुठल्याही आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हेच शब्द ऐकू येतात. 'स्टॉप' म्हटलं की त्या क्षणी थांबायचं. बोट ट्रिगरवर असलं तरी 'एवढी एक मारतो' चालत नाही. कुणी लक्ष्याकडं जात असेल, तर बाकीच्यांनी शस्त्राला हातही लावायचा नाही. धोका दिसला तर लगेच ऑफिसरला सांगणं, हे प्रत्येक नेमबाजाचं कर्तव्य मानलं जातं.

एअर रायफल म्हणजे खेळणं, असा समज घेऊन अनेक पालक येतात. 4.5 मिलिमीटरचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो, पण तो सेकंदाला दीडशे मीटरहून अधिक वेगानं सुटतो. डोळ्यासाठी तेवढं पुरेसं आहे. रायफलच्या सिलिंडरमध्ये साधारण 200 बार दाबाची हवा भरतात. मोटारीच्या टायरमध्ये असते दोनेक बार. म्हणून सिलिंडरवरची मुदत तपासावी लागते. 50 मीटरच्या स्पर्धेतली पॉइंट टू-टूची गोळी तर किलोमीटरच्या पलीकडं जाऊ शकते. रेंजच्या टोकाला भक्कम भिंत किंवा मातीचा उंच बांध असतो तो यासाठी. आणि छर्रे शिशाचे असल्यामुळं सराव संपला की साबणानं हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. शिसं शरीरात साठत जातं आणि लहान मुलांना त्याचा त्रास जास्त होतो.

आता लक्ष्याकडं बघू. दहा मीटरवरच्या एअर रायफलच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, पेनाचं टोक टेकवावं एवढाच. असे साठ नेम, सव्वा तासात. इथं ताकद फारशी कामाला येत नाही. प्रत्येक वेळी तोच क्रम लागतो: रायफल उचलायची, श्वास सोडत स्थिरावायचं, ट्रिगर हलकेच दाबायचा, छर्रा गेल्यावरही क्षणभर तसंच राहायचं. आणि काही बिनसल्यासारखं वाटलं, तर नेम सोडून रायफल खाली घ्यायची. हे शेवटचं सर्वांत अवघड. पण पहिल्या दिवसापासून ज्याला हुकूम येताच थांबायची सवय लागली आहे, त्याला भर स्पर्धेत स्वतःलाही थांबवता येतं.

कोल्हापूरला हे नवीन नाही. इथल्या तालमीत पोरगं गेलं की वस्ताद त्याला लगेच कुस्ती लावत नाहीत. चप्पल बाहेर, लाल मातीला नमस्कार, मग कित्येक दिवस जोर आणि बैठका. खासबाग मैदानाच्या गावानं रायफल हातात घेतली, तेव्हा ही शिस्त तिच्यासोबतच आली असावी.

तेजस्विनी सावंत यांनी इथंच जयसिंग कुसाळे यांच्याकडं सुरुवात केली. 2010 साली म्युनिकमध्ये 50 मीटर रायफल प्रोन प्रकारात त्या जगज्जेत्या झाल्या. या प्रकारात तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांना बघून प्रेरणा घेतलेल्या राही सरनोबत यांनी 2018 साली पालेम्बांगमध्ये 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं. आशियाई स्पर्धांतलं भारतीय महिलेचं नेमबाजीतलं ते पहिलं सुवर्ण.

आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. 1 ऑगस्ट 2024, पॅरिस ऑलिंपिक, 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सची अंतिम फेरी. गुडघ्यावर बसून, मग झोपून, शेवटी उभ्यानं. पहिल्या दोन अवस्थांनंतर तो पदकांच्या बाहेर, पाचवा होता. उभ्यानं मारताना शरीर सर्वांत जास्त हलतं, आणि तिथंच त्यानं वर सरकत 451.4 गुणांसह कांस्य घेतलं. कोल्हापूरच्याच राजाराम कॉलेजात शिकलेल्या पैलवान खाशाबा जाधवांच्या 1952 च्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी 72 वर्षं थांबावं लागलं होतं.

हा खेळ देशात रुजवण्यातही मराठी माणूस पुढं होता. 1951 साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष ठरलेल्या गणेश वासुदेव मावळंकरांच्या पुढाकारानं. राष्ट्रीय स्पर्धेकडं जाणारी मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावानं भरते.

पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रेंज निवडताना तिथल्या बंदुका किती महाग आहेत हे बघू नका. पहिल्या दिवशी तुमच्या मुलाला कुणी थांबवतं का, ते बघा. जिथं आल्या आल्या 'घे, मार' म्हणतात, तिथून परत फिरा.

भाची तिसऱ्या खेपेला पहिल्यांदा रेषेवर उभी राहिली. पाच छर्रे मारले. एक काळ्या वर्तुळात लागला, बाकीचे पांढऱ्यात. प्रशिक्षकांनी न सांगता तिनं नळीत दोरी घातली, रायफल टेबलावर ठेवली, दोन पावलं मागं आली. मी कौतुकानं कागद बघायला पुढं निघालो, तर तिनं हात आडवा केला.

"मामा, रेषेच्या मागं. अजून स्टॉप झालेलं नाही."