विलायतेतील बंदूक आणि कपाटाची चावी

गेल्या डिसेंबरात आमच्या घरी निकाह होता. त्यासाठी आमच्या फुफीचा नातू इंग्लंडहून आला. लँकेशायरमधले ब्लॅकबर्न हे त्याचे गाव. तिथे आपल्या कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक असेलच. वलीमा आटोपला, मांडव उतरला आणि रात्री अंगणात गप्पा रंगल्या. शेजारच्या काकांनी नेहमीचे रडगाणे सुरू केले. रानडुकरांनी भात लोळवले, वानरांनी नारळ ठेवले नाहीत, आणि घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे ती निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. त्यावर हा मुलगा सहज बोलून गेला, "काका, आमच्याकडेही तेच आहे. फक्त डुकरांच्या जागी कबुतरे. माझ्याकडे दोन बंदुका आहेत."

अंगण गप्प झाले. विलायत म्हणजे जिथे रस्त्यावरच्या साध्या पोलिसाकडेही बंदूक नसते असा देश, हे आम्ही वर्गात मुलांना सांगत आलो आहोत. आणि इथे आमचाच पुतण्या, गॅरेजात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, दोन बंदुकांची गोष्ट करत होता. आमच्या अम्मीने हातातली सुपारी खाली ठेवली आणि विचारले, "अरे बेटा, तुझ्या घरात दोन लहान लेकरं आहेत ना?"

त्याने काय सांगितले, आणि नंतर आम्ही स्वतः जे वाचून समजून घेतले, ते इथे मांडत आहोत. शेवटचा भाग त्याच्या परवानगीने, नाव न देता लिहिला आहे.

ब्रिटनमध्ये बंदूक बाळगणारे लोक थोडेथोडके नाहीत. एकट्या इंग्लंड आणि वेल्समध्ये छर्‍याच्या बंदुकीचा, म्हणजे शॉटगनचा परवाना असलेली माणसे पाच लाखांच्या आसपास आहेत. यांतले बरेच शेतकरी, रानराखे किंवा शिकारीचे शौकीन. पण अमेरिकेसारखा बंदूक हा तिथे हक्क नाही. 1968 च्या फायरआर्म्स कायद्याने परवान्याचा अधिकार पोलिसांकडे दिला आहे. रायफल हवी असेल तर पहिला प्रश्न एकच: कशासाठी हवी? शेतातले ससे मारायचे आहेत, हे उत्तर चालते. हरणांची संख्या आवरायची आहे, चालते. नेमबाजीच्या क्लबात जातो, तेही चालते. मात्र "घराच्या रक्षणासाठी" हे कारण इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये चालत नाही. चोराची भीती वाटते म्हणून बंदूक मागणाऱ्याला परवाना मिळणार नाही. आपल्याकडे जीविताला धोका आहे असे सांगून पिस्तुलाचा परवाना मागतात. तिथे सगळे याच्या उलट आहे. आम्हाला हे फार बोलके वाटले.

रायफलच्या परवान्यावर प्रत्येक बंदुकीची नोंद असते, तिचे बोअर कोणते, काडतुसे किती बाळगता येतील, सगळे लिहिलेले. ज्या जमिनीवर ती वापरायची त्या मालकाची परवानगी दाखवावी लागते. कारण साध्या पॉइंट बावीसची गोळीदेखील एक मैलाहून दूर जाऊ शकते. म्हणून नेम धरण्याआधी सावजाच्या मागे काय आहे ते पाहायचे. मातीचा उतार असेल तरच चाप ओढायचा. शॉटगनचे छरे तीस-चाळीस मीटरपलीकडे फारसे कामाचे राहत नाहीत, त्यामुळे तिचा परवाना थोडा सोपा. हवेच्या दाबावर चालणाऱ्या कमी ताकदीच्या एअर रायफलला इंग्लंडमध्ये परवाना लागत नाही, स्कॉटलंडमध्ये मात्र 2016 च्या अखेरीपासून लागतो.

परवाना पाच वर्षांचा. अर्ज केला की पोलिसांचा माणूस घरी येतो, बसतो, चहा घेतो आणि घर पाहतो. ओळखीच्या माणसाकडे चौकशी होते. अर्जदाराचा फॅमिली डॉक्टर त्याच्या तब्येतीची, विशेषतः मनाच्या तब्येतीची माहिती देतो. भिंतीला बोल्टने आवळलेले पोलादी कपाट दाखवावे लागते. आणि त्या कपाटाची चावी कुठे आहे, हे परवाना नसलेल्या कोणालाही कळता कामा नये.

"बायकोला पण नाही?" अम्मीने मध्येच विचारले.

"तिलाही नाही, दादी. तिच्या नावावर परवाना नाही."

यावर अंगणातल्या बायका ज्या हसल्या! घरातली एक चावी बायकोला सापडत नाही, असे घर कुणी पाहिले आहे?

आता ही बंदूक चालते कशावर? आमच्या पुतण्याची गोष्ट कबुतरांची. पश्चिम लँकेशायरच्या सपाट जमिनीवर कोबीची शेते आहेत. हिवाळ्यात खायला काही उरले नाही की रानकबुतरांचे थवेच्या थवे कोबीवर उतरतात आणि पाने खरवडून काढतात. ज्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर तो दुरुस्त करायचा, त्यानेच त्याला पहिल्यांदा सोबत नेले. बांधाच्या कडेला जाळीचा आडोसा करायचा, पुढे प्लास्टिकची नकली कबुतरे मांडायची आणि थंडीत तासन्‌तास बसायचे. तेही आपल्या मर्जीने नव्हे. तिथे सगळे रानपक्षी कायद्याने संरक्षित आहेत. पीक वाचवण्यासाठी मारायची मोकळीक सरकारच्या 'जनरल लायसन्स'मधून मिळते, आणि आधी बुजगावणे, जाळ्या, आवाजाचे बार असे उपाय पाहावेत अशी त्यात अपेक्षा असते. 2019 मध्ये निसर्गप्रेमींनी या लायसन्सला कोर्टात आव्हान दिले, तेव्हा सरकारी खात्याने ती एकाएकी रद्द केली. ऐन वसंतात शेतकरी हवालदिल झाले. मग नव्या अटींनी ती पुन्हा निघाली. आमच्या काकांनी हे ऐकून मान डोलावली. सरकारी कागद सगळीकडे सारखाच, म्हणाले.

तिथल्या उपद्रवी प्राण्यांची यादी पाहिली तर बहुतेक माणसानेच आणून सोडलेले निघतात. ससे नॉर्मन राजवटीत मांसासाठी आणले गेले आणि सुटले. 1953 मध्ये मिक्सोमॅटोसिस नावाचा रोग आला आणि काही वर्षांतच देशातले बहुतेक ससे मेले, तरी ते पुन्हा वाढले. करडी खार 1876 साली अमेरिकेतून आणली, शोभेसाठी. तिने तांबड्या देशी खारीला जवळजवळ हुसकावून लावले. आपल्या शेकरूवर असे संकट आले तर कसे वाटेल, याची कल्पना करावी. आपल्या भेकराचा चिनी भाईबंद मुंटजॅक वोबर्नच्या ड्यूकच्या बागेतून बाहेर पडला आणि दक्षिण इंग्लंडभर पसरला. लांडगे आणि लिंक्स कित्येक शतकांपूर्वीच संपवलेले. त्यामुळे हरणांना खाणारे कोणी उरले नाही, आणि ती कोवळी रोपे फस्त करतात म्हणून नवे जंगल उभे राहत नाही. वाघ-लांडग्याचे काम आता रायफलवाल्याकडे आहे. हरणासाठी कोणत्या ताकदीची गोळी लागते हेही कायद्यात आहे, जनावर जखमी होऊन तडफडू नये म्हणून. आणि खास परवानगीशिवाय रात्री हरीण मारता येत नाही.

श्रीमंतांच्या शिकारीविषयी फार लिहीत नाही. 12 ऑगस्टला ग्राउस पक्ष्यांचा हंगाम उघडतो, 1 ऑक्टोबरला फेझंटचा. फेझंट तर कोट्यवधींनी पाळून, मुद्दाम सोडून मारले जातात, आणि एका दिवसाचे हजारो पौंड मोजणारे लोक आहेत. पीक वाचवणे आणि हे, यांत आम्हाला तरी फरक दिसतो. आपल्याकडे हदीसमध्ये सजीवाला नेम धरण्याची वस्तू बनवण्यास मनाई आहे, ती इथे आठवली.

मांसाचा मस्अला साहजिकच निघाला. मारलेली कबुतरे तो खातो का? शिकारी कुत्र्याने किंवा बाणाने केलेल्या शिकारीचे नियम सूरह माइदा आणि अदी बिन हातिम (रजि.) यांच्या हदीसमुळे मदरशातल्या मुलालाही ठाऊक असतात: बिस्मिल्लाह म्हणून सोडलेले टोक घुसले तर खावे, आडवा मार लागून मेले तर खाऊ नये. पण छरा हे टोक की आडवा मार? आपल्या बाजूचे बहुतेक हनफी उलेमा सांगतात की गोळी कापत नाही, आघाताने मारते. म्हणून पक्षी जिवंत हाती लागला आणि जबह केला तरच हलाल. अरब मुलुखातले अनेक उलेमा गोळी शरीर भेदते म्हणून बिस्मिल्लाहसह जायज मानतात. आमचा पुतण्या जिवंत सापडलेला पक्षीच जबह करून घरी आणतो, बाकीचे शेतकऱ्याला देतो. शिशाच्या छर्‍यांचे विष पाण्यात आणि पक्ष्यांच्या पोटात जाते म्हणून इंग्लंडात 1999 पासून पाणपक्ष्यांवर ते वापरायला बंदी आहे, हे त्याने जाता जाता सांगितले.

या कायद्यांच्या मागे रक्त आहे. 19 ऑगस्ट 1987 रोजी हंगरफर्ड गावात एका माणसाने 16 जणांना मारले, तेव्हा मोठ्या बोअरच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली बंद झाल्या. आणि 13 मार्च 1996 ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत एक माणूस शिरला. व्यायामशाळेत पहिलीचा वर्ग होता. पाच-सहा वर्षांची 16 मुले आणि त्यांच्या शिक्षिका ग्वेन मेयर मारल्या गेल्या. पुढे टेनिसपटू झालेला अँडी मरे त्या दिवशी त्याच शाळेत होता. आम्ही वीस वर्षे मुलांची हजेरी घेत आलो. ती पटावरची 16 नावे मनातून जात नाहीत. मारेकऱ्याकडची पिस्तुले परवान्याची होती. त्याच्या वागण्याविषयी तक्रारी आधी झाल्या होत्या, तरी परवान्याचे नूतनीकरण होत गेले. मुलांच्या आईबापांनी आणि शेजाऱ्यांनी लाखो सह्या गोळा केल्या, आणि 1997 च्या दोन कायद्यांनी जवळजवळ सगळी पिस्तुले बंद झाली. दीड लाखाहून अधिक पिस्तुले लोकांनी जमा केली.

तरीही 2021 च्या ऑगस्टमध्ये प्लिमथला एका तरुणाने आपल्या आईसह पाच जणांना मारले. त्यांत एक तीन वर्षांची मुलगी होती. मारहाणीच्या प्रकरणावरून त्याची शॉटगन पोलिसांनी काढून घेतली होती आणि काही आठवड्यांपूर्वीच परत दिली होती.

आता पुतण्याचा भाग. तीन वर्षांपूर्वी त्याचे वालिद, म्हणजे आमचे फुफीजाद भाई, अचानक वारले. तो मुलगा आतून मोडला. झोप नाही, नमाजला उठवत नाही, मुलांवर ओरडणे. डॉक्टरकडे जावे तर नोंद होईल, नोंद झाली तर परवाना जाईल, आणि ब्लॅकबर्नच्या आपल्या लोकांत कळले तर बहिणीच्या स्थळांवर परिणाम होईल, असे घरच्यांनी सांगितले. आपल्या घरांत मनाचा आजार झाकण्याची रीत इथून तिथपर्यंत एकच आहे. एका रात्री कपाटासमोर उभा असताना त्याच्या मनात जे आले, ते त्याने आम्हाला सांगितले. ते लिहिणार नाही. सकाळी त्याने दोन्ही बंदुका परवानाधारक दुकानदाराकडे ठेवायला दिल्या आणि तिथून सरळ डॉक्टरकडे गेला.

गोळ्या चालल्या, समुपदेशन चालले. नऊ महिने बंदुका दुकानातच होत्या. नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा त्याने अर्जात सगळे खरे लिहिले. पोलिसांनी डॉक्टरांचा अहवाल मागवला, घरी येऊन दोन तास बसले, बायकोशी वेगळे बोलले. एकदा नैराश्य आले म्हणून परवाना आपोआप जात नाही. आता माणूस कसा आहे ते पाहतात. परवाना मिळाला.

"खरं सांगितलंस म्हणून ते बायकोला विचारायला आले," अम्मी म्हणाली.

"हो, दादी."

"मग चावी?"

तो हसला. चावी अजून त्याच्याकडेच आहे. पण बायकोशी त्याचे ठरले आहे: तिने नुसते "बंदुका दुकानात ठेवून ये" म्हटले, तर कारण न विचारता त्याच दिवशी नेऊन ठेवायच्या. एकदा म्हणाली होती. तो नेऊन ठेवून आला.